आंब्याने घातलेली भिंत

माझ्या थोरल्या भावाने त्या दिवशी दोन वाक्यं बोलायची होती. तो ती बोलला नाही. याला सोळा वर्षं झाली आणि मी ते विसरलेलो नाही.

आमच्याकडे आंबा किंवा चिंच फळायची थांबली, की झाडाला धाक दाखवतात. त्याला दोन माणसं लागतात. एकाने कुऱ्हाड घेऊन झाडापुढे उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "फळ देत न्हाईस ना? तोडूनच टाकतो आता." मग कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे तिची बोथट बाजू, खोडावर आपटायचा. पातं लावायचं नाही. दुसऱ्याने लगेच पुढे होऊन त्याचा हात धरायचा. "नको मारू. फुडच्या साली देतंय ते." पहिल्याने थोडं कुरकुरायचं, दुसऱ्याने झाडाच्या वतीने शब्द द्यायचा, आणि दोघांनी घरी येऊन चहा प्यायचा.

माझा धंदा फळबागांचा. झाडावर माल असतानाच बाग ठरवायची, उतरवायची आणि विकायची. चौसाळ्याला हमरस्त्यावर माझं फळांचं दुकान आहे, पण खरा धंदा बांधावर, मालकाशी बोलण्यात. त्यामुळे हा रिवाज मला खुळचट कधी वाटला नाही. सौदा असाच होतो. एकाने तोडायची भाषा करायची, दुसऱ्याने जोडायची. ज्याच्या वाट्याला जोडायचं काम आलंय तोच गप्प राहिला, तर तोडणाऱ्याने करायचं काय?

आंबा आमच्या रानाच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या बांधावर आहे. गावरान, टोकाशी आंबट लागणारा. मायनं त्याच्या कैऱ्या पाटीत भरून चौसाळ्याच्या बाजारात विकल्या आणि आम्हा दोघा भावांना वाढवलं. नंतर पाटी माझ्या डोक्यावर आली. गिऱ्हाईक पाटीला पाठ करून निघालं, की त्याला कोणत्या पावलावर हाक मारायची, हे मी त्या पाटीपाशी शिकलो. पुढे जे काही उभं केलं ते एकट्याने केलं. पण सुरुवात त्या झाडाची आहे, हे मी कुणाहीपुढे कबूल करतो.

वाटणी झाली तेव्हा विहिरीकडची काळी जमीन थोरल्याकडे गेली आणि डोंगराकडचं मुरमाड माझ्याकडे आलं. मी बोललो, तर तो म्हणाला, "झाड तुझ्याकडं जातंय की." जसं काही झाडाने पारडं बरोबर होत होतं! आणि झाडाला तर दोन वर्षं एक कैरी लागली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी माय म्हणाली, "आंब्याला धाक दावून या दोघं." तिला फळाची एवढी काळजी नव्हती. सकाळी मोजणीच्या वेळी आम्ही दोघं एकमेकांना जे बोललो ते तिने ऐकलं होतं. दोघांनी मिळून काहीतरी एक काम करावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून आम्ही गेलो. कुऱ्हाड माझ्याकडे, कारण झाड माझं. नको म्हणण्याचं काम त्याच्याकडे.

मी म्हणालो, "फळ देत न्हाईस ना? तोडूनच टाकतो." तुंबा आपटला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो हात मागे बांधून विहिरीकडे बघत उभा. मी परत म्हणालो, परत आपटला. काही नाही.

"बोल की," मी म्हणालो.

"काय बोलायचं? झाड तुझं हाय."

माझं डोकं फिरलं. मी कुऱ्हाड हातात उलटी केली आणि पात्याचे तीन घाव घातले. तिसऱ्याला तळहाताएवढी साल उडाली आणि आतलं पांढुरकं लाकूड उघडं पडलं. तो वळला आणि खाली निघून गेला. चहा कुणी प्यायला नाही.

पुढच्या साली झाड फांद्या वाकेपर्यंत लागलं. मी गावभर सांगत सुटलो, की जोडणाऱ्याशिवायही सौदा जमतो. त्याच साली माय गेली. आम्ही भाऊ तिच्या दहाव्याला शेजारी बसलो, आणि नंतर लग्नकार्यात मांडवाच्या दोन टोकांना.

घावाचं म्हणाल तर ते मी बघत होतो. त्याच्या कडा वर्षागणिक फुगत गेल्या, ओठ मुडपावा तशा आत वळत गेल्या. मला वाटलं, भरतोय. माणसाचं भरतं तसं झाडाचंही भरत असणार. शेवटी बोट जाईल एवढी फट उरली. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचायचं. मी लक्ष दिलं नाही. फळ एकाआड एक साल येत होतं, पान हिरवं होतं, आणि मला हजार कामं होती.

तीन वर्षांपूर्वी पाऊस संपता संपता त्या फटीच्या कडेला कानाच्या पाळीसारखं काहीतरी उगवलं. वरून तपकिरी, खालून पांढरं, हाताला लाकडासारखं टणक. मी ते उपटून फेकलं. पुढच्या पावसाळ्यात तिथे तसे दोन कान आले. मग मी फटीत सळई घातली, तर ती कोपरभर आत गेली. आत लाकूड नव्हतंच, ओला भुसा होता.

मी गवंडी बोलावला. दुकानाचा ओटा त्यानेच बांधलेला, त्यामुळे त्याच्याशी माझी जुनी घासाघीस. मी म्हणालो, "मिस्त्री, किडलेलं सगळं कोरून काढायचं आणि वर सिमेंट भरून गुळगुळीत करायचं. दाढ भरतात तसं."

त्याने छिन्नीने भुसा काढला. थोड्या वेळाने ठक ठक आवाज यायला लागला. तो थांबला.

"शेठ, इथून म्होरं लकडी कडक हाय. काळी पडली, पन कडक हाय. ऱ्हाऊ द्या की."

"काळी हाय म्हणजे किडलेलीच. आणखी बोटभर काढ."

"कडक हाय म्हणतो मी."

"मजुरी बोटभर कमी घेणार का तू? न्हाई ना? मग काढ."

माझी सवयच तशी. शेकडा आंबे घेतले की वरचे चार मी मागणारच. ते वरचे चार हाच माझा नफा, असं मी जन्मभर मानत आलो. मिस्त्रीने मान हलवली आणि बोटभर काढलं. पोकळीच्या आत चारी बाजूंनी एक काळपट तपकिरी थर होता, तो सगळा निघाला आणि आतून स्वच्छ, फिकट लाकूड दिसायला लागलं. मी खूश झालो. सिमेंट भरून घेतलं. कडेचा फुगीर ओठ मध्ये येत होता, तोही सारखा करून घेतला.

गेल्या पावसाळ्यात पश्चिमेची जाड फांदी वाळली. सिमेंट कडेने सुटलं. आणि घावाच्या वर हातभर अंतरावर, जिथे कुणी कधी कुऱ्हाड लावली नव्हती तिथे, सालीतून एक नवा कान बाहेर आला.

तेव्हा मी सरांना विचारलं. ते कृषी महाविद्यालयात झाडांचे रोग शिकवतात. कपिलधारला दर्शनाला जाताना-येताना माझ्या दुकानावर थांबतात आणि मी सांगेन त्या भावाला फळं घेतात. भाव न करणारं गिऱ्हाईक मला खरं तर आवडत नाही, त्याच्याशी बोलायचं काय हेच कळत नाही. पण त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "सर, पाच मिनिटं वाट वाकडी करा. एक पेशंट हाय."

त्यांनी झाडाला प्रदक्षिणा घातली. बोटाच्या पेराने खोड वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. मग सिमेंटपाशी बसले.

"हे कुणी भरलं?"

"मीच भरून घेतलं."

"आणि आतलं कोरलं?"

"गवंड्यानं."

"कुठवर?"

"नरम होतं तेवढं सगळं. आन् वर बोटभर."

वाळलेल्या फांदीचा मी करवतीने कापलेला ओंडका बाजूला पडला होता, तो त्यांनी उचलून माझ्यासमोर धरला. मध्ये कुजलेला भाग, बाहेर चांगलं लाकूड, आणि दोहोंच्या मधून काजळाने ओढावी तशी एक काळपट रेघ. अशी रेघ मी सरपणात हजार वेळा पाहिली असेल.

"तुम्ही पिकवायला आंब्याची आढी लावता," ते म्हणाले. "तिच्यात एक नासका निघाला तर काय करता?"

"उचलून फेकतो. न्हाईतर शेजारचे नासतात."

"झाडाला फेकता येत नाही. त्याचं जे आहे ते जागच्या जागी. म्हणून ते नासक्याभोवती भिंत घालतं. ही रेघ म्हणजे ती भिंत. बुरशीला पचत नाही असा कडवट, डिंकासारखा माल झाड तिथे भरतं."

मग त्यांनी सावकाश सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच कुणाचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. झाडाची जखम बरी होत नाही, ते म्हणाले. मेलेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड फक्त ते कोंडून घालतं. घाव पडला की आधी वर-खाली पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतं, पण तो बंदोबस्त कच्चा, कुज वर-खाली सरकतेच. गाभ्याच्या बाजूला जरा बरी भिंत घालतं, दोन्ही बगलांना त्याहून बरी. आणि सगळ्यांत पक्की भिंत घालतं ती घाव पडल्या दिवशी असलेलं लाकूड आणि त्यानंतर धरलेलं लाकूड यांच्या मध्ये. जुनं घर बुरशीला सोडून द्यायचं, मधलं दार बंद करायचं आणि बाहेरच्या अंगाने नवं घर बांधत राहायचं. म्हणून आतून पोकळ झालेलं झाडही शंभर वर्षं उभं राहतं.

"इतकी वर्षं हे झाड हेच करत होतं," ते म्हणाले. "चांगलं करत होतं."

"आन् मी भिंत पाडली."

"बोटभर," ते म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. पण मला मारला असता तर बरं वाटलं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मी मग माझ्या कामाला लागलो. "औषध सांगा. महागातलं सांगा, मी भाव विचारणार न्हाई."

"बाहेरून लावलेलं इतक्या आत पोचत नाही."

"भोक पाडून आत सोडलं तर?"

"भोक म्हणजे आणखी एक घाव. त्याच्याभोवती आणखी एक भिंत घालायला लागेल त्याला."

"दुसऱ्या कुणाला दावू का?"

"जरूर दाखवा."

मी उठून दहा पावलं चाललो. कुणीही असता तर मागून हाक मारली असती, थोडं खाली आला असता. ते ओंडक्यावरची माती झटकत बसून राहिले. मला परत यावं लागलं.

"मग मी काय करू?"

"सिमेंट सुटलंय ते पडू द्या, नवं भरू नका. कोरू नका. बुंध्याजवळ नांगर आणू नका, मुळ्या तुटतात. पाऊस सरला की पाणी द्या, पण खोडाला नाही, फांद्यांची सावली संपते तिथे. आणि फळाची आशा दोन-तीन वर्षं सोडा. भिंत घालायला जी साखर लागते तीच फळाला लागते. दोन्हीला पुरेल एवढी आता त्याच्याकडे नाही."

"एवढं केलं की जगंल?"

"ते त्याने ठरवायचं. नवी भिंत बुरशीच्या आधी पुरी झाली तर जगेल."

दुकानावर परत आल्यावर मी त्यांच्या पिशवीत सीताफळं भरायला लागलो, तर त्यांनी त्या दिवशीही भाव केला नाही.

सांगितलं ते सगळं केलं. पाणी दिलं, पालापाचोळा पसरला, नांगरवाल्याला दहा हात लांब ठेवला. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी जाऊन खोड वाजवायचो. आवाज बदलला की तोच आहे, मला कळायचं नाही. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. बायको म्हणाली, "रोज दार वाजवून काय इचारता? आत असलेला बोलायचा न्हाई." तिला हसू आलं, मला आलं नाही.

यंदा पौषात झाडाला मोहोर आला. असा मोहोर मी त्या झाडाला कधी पाहिला नव्हता. पान दिसत नव्हतं. वाळलेल्या फांदीच्या बुडाशी जो हिरवा भाग उरला होता, तोसुद्धा मोहोरला. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. "शेठ, आंबा फळला तुमचा. काय घातलं?" जो तो मला पेढे मागायचा.

मी कुणालाही पेढा दिला नाही. काही वर्षांपूर्वी युसूफ वडगावला मी एक बाग पाहायला गेलो होतो. झाडं अशीच मोहोराने पिवळी झाली होती आणि मालक छाती काढून हिंडत होता. मी चार झाडांच्या बुडाशी वाकून पाहिलं, साल दाबून पाहिली आणि कळलं. जाणारं झाड जाता जाता असलं नसलं सगळं मोहोराला लावतं. धंद्यात मुरलेल्याला ते ओळखता येतं. मी मुद्दाम अर्धा भाव बोललो, मालकाने मला हाकललं, मी निघून आलो. दोन उन्हाळ्यांत बाग वाळली. झाडाच्या बुडाशी बघ, एवढं मी त्याला सांगू शकत होतो. पण ते माझं काम नव्हतं. झाडं त्याची होती.

मग एके सकाळी मी शिडी घेतली आणि साखर भिंतीसाठी उरावी म्हणून मोहोर मोडायला सुरुवात केली. एकेक तुरा देठापासून खुडायचा आणि खाली टाकायचा. हाताला चीक लागत होता, मधमाश्या तोंडावर येत होत्या. फळाच्या धंद्यात केस पिकलेला माणूस मोहोर मोडतोय, हे बघायला बांधावर दोघं-तिघं जमले. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते गेले.

मग खालून आवाज आला. "काय करतोस बे? आलेला मोहोर मोडतोस?"

थोरला होता. त्याच्या रानातून वर चढून आला होता, धाप लागली होती. सोळा वर्षांत तो या बांधावर आला नव्हता.

मी शिडीवरूनच सांगितलं. भिंत, बुरशी, साखर, सगळं. तो मान वर करून ऐकत होता. सगळं कळलं असेल असं वाटत नाही. मग त्याने सुटलेल्या सिमेंटवरून हात फिरवला.

"ह्यो तोच घाव का?"

"तोच. तू नको म्हटला असतास तर पडला नसता."

"मी म्हणणार होतो."

"सोळा वर्षांनी?"

"तवाच. तू तुंबा लावलाच न्हाईस. पैल्यापास्नं पातं हाणलंस. मी तोंड उघडंस्तवर साल उडाली."

"खोटं बोलू नको. दोनदा तुंबा आपटला मी. तू हिरीकडं बघत व्हतास. 'झाड तुझं हाय' म्हणालास."

"ते मी नंतर म्हणालो. साल उडाल्यावर."

मी शिडीवरून खाली उतरलो. आधी तुंबा लागला असता तर त्याचा चेचलेला वण सालीवर राहिला असता. नुसत्या पात्याचा घाव वेगळा दिसतो. मी खोडाला हात लावून तो वण शोधायला लागलो. पण कडेचा ओठ सोळा वर्षांत त्याच्यावर चढून गेला होता, आणि त्या ओठाखाली जे काही राहिलं असतं ते मीच मिस्त्रीकडून छिन्नीने सारखं करून घेतलं होतं. आमच्यातलं खरं कुणाचं, हे सांगणारं त्या झाडावर आता काही उरलेलं नाही. माझ्या ध्यानात दोन वेळा आपटलेला तुंबा अजून आहे. त्याच्या ध्यानात नाही. माय असती तर तिला विचारता आलं असतं असंही नाही. तिने घरून पाठवलं होतं, ती तिथे नव्हती.

थोरला खाली गेला. मला वाटलं, गेला परत तसाच. अर्ध्या तासाने तो लांब बांबूची आकडी घेऊन आला आणि त्याच्या बाजूला झुकलेल्या फांदीवरचा मोहोर ओढायला लागला.

"जपून," मी म्हणालो. "साल सोलशील."

"मला शिकवू नको."

दोन दिवस आम्ही ते करत होतो. तो त्याच्या अंगाने, मी माझ्या अंगाने. खाली मोहोराचा सडा पडला होता, त्याच्यावर उभं राहायलाही कसंतरी होत होतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको चहा घेऊन आली. किटलीत दोघांपुरता होता. आम्ही झाडाच्या दोन बाजूंना बसून प्यायलो.

शेंडा राहिला. शिडी संपत होती तिथून आकडीही पुरत नव्हती. वर चढावं, तर फांदी आतून किती पोकळ आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. थोरल्याने टाचा उंचावून तीन-चारदा आकडी मारली. एकही तुरा हलला नाही. वर मधमाश्यांचा नुसता घोंघाट चालला होता.

"पुरंना," तो म्हणाला.

"पुरायची न्हाई."

त्याला आता महिना झाला. शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी फळं धरलीत. नवा कान अजून तेवढाच आहे, वाढलाही नाही, वाळलाही नाही. सकाळी मी जातो तेव्हा खोड वाजवत नाही. खाली किती दाणे गळाले ते वाकून बघतो. काल बरेच होते, आज चारच. थोरला त्याच्या विहिरीपासून ओरडून विचारतो, "गळालं का?" मी ओरडून सांगतो, "थोडं." फळ गळावं म्हणून झाडाखाली उभं राहण्याची पाळी माझ्यावर याआधी कधी आली नव्हती.